गोदाबाईचं बरोबर उत्तर

"तुमचं बरोबर आलं, त्यानंच माझं बिघडलं आत्याबाई," विमल म्हणाली आणि चपला काढायच्या आधीच दाराला पाठ लावून उभी राहिली. अमरावतीच्या तिच्या खोलीवर गोदाबाई सुपात हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. तिचा हात जागीच थांबला. साठी उलटेपर्यंत लोकांनी तिला पुष्कळ बोल लावले होते. तोंडाळ म्हटलं होतं, हट्टी म्हटलं होतं. आणि धाकटा लेक उत्तम विषमज्वरात गेल्यावर त्याच्या तरण्या बायकोला, म्हणजे या विमलला, तिनं अकोल्याहून अमरावतीला कॉलेजात धाडलं तेव्हा तर आणखीही काही म्हटलं होतं, पण ते पाठीमागं, कारण गोदाबाईच्या तोंडावर म्हणायचं तर छाती लागते. हे सगळं तिनं पाटावरच्या पिठासारखं झटकून टाकलं होतं. पण बरोबर आलं म्हणून दोष? हा नवाच होता. तो कुठं झटकावा तेच तिला कळेना. सुपातला एक खडा तिनं उचलला, पाहिला, आणि पुन्हा डाळीतच टाकला.

झालं होतं असं. विमलचं बी. ए. चं शेवटचं वर्ष. विषय तत्त्वज्ञान, आणि त्याच्याच पोटात मानसशास्त्र. गोदाबाई त्याला 'मनाचं शास्तर' म्हणे आणि म्हणताना ओठ असे मुरडी की ते शास्तर बिचारं जागच्या जागी लहान होई. गेल्या खेपेला ती अकोल्याहून आली तेव्हा विमलनं कॉलेजातून एक लाकडी फळी आणून तिच्यापुढं ठेवली होती. फळीवर एक काळी रेघ, तिच्या दोन्ही टोकांना बाणासारखी आत मिटलेली टोकं. तिच्या शेजारी दुसरी रेघ, तिच्या टोकांना पाखराच्या पायासारखे बाहेर फाकलेले फाटे. ही दुसरी रेघ सरकत्या पट्टीवर होती. ओढली की वाढे, ढकलली की आखडे. "पट्टी ओढत न्या आत्याबाई, आन् दोनी रेघा सारख्या दिसल्या की थांबा." एवढंच. म्हणजे मी बैल अन् तू पारखी, गोदाबाई म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या. पण विमल टाक शाईत बुडवायला वळली तेवढ्यात गोदाबाईनं पहिल्या रेघेवर आपली बोटं आडवी टेकवली. आठ बोटं आणि वर नखभर. मग पट्टी ओढली, पुन्हा बोटं टेकवली, आठ आणि नखभर झाल्यावर म्हणाली, बस. दर खेपेला तसंच. सुनेची परीक्षा, आणि सासूनं चुकावं? तिच्या चुलीवर चढलेल्या पुरणात गूळ कधी कमी पडला नव्हता, तिनं बेतलेल्या चोळीला कधी ठिगळ लागलं नव्हतं, आणि हिवरखेडच्या शेतावर सरकी मोजून देताना तिच्या पायलीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. विमलनं मोजलं, डोळे मोठे केले, पुन्हा मोजलं आणि म्हणाली, "माय वं! कणभरबी फरक नाही!" तेव्हा गोदाबाईला सूनमुख पाहिल्याच्या दिवशीसारखं वाटलं होतं.

"प्रोफेसर म्हणाले, असं कोणाचंच येत नाही," विमल आता सांगत होती. "शिकलेल्याचं नाही, अडाण्याचं नाही, त्यांचं सोताचंबी नाही. त्या फाट्यांच्या रेघेनं प्रत्येकाचा डोळा फसतेच. तो किती फसते, तेच तर मोजायचं असते. म्हणे, हे तू खोलीत बसून पट्टीनं मोजून लिवलं. म्हणे, ही सासू तरी खरी आहे का?"

"खरी हाय का म्हणते? ये म्हणा इकडं, चिमटा घेऊन पाय म्हणा."

"तुम्ही बोटानं मोजलं ना?"

"मंग? डोयावर कोण भरोसा ठेवते?"

विमल खाली बसली. रडली नाही. रडली असती तर गोदाबाईला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते तिला पाठ होतं. विमल फक्त सूप आपल्याकडं ओढून डाळ निवडू लागली आणि निवडता निवडता बाकीचं सांगून मोकळी झाली. नागपूरहून परीक्षक आले होते. आज दुपारी प्रयोगाची परीक्षा. प्रोफेसरांनी एवढी मेहेरबानी केली होती की तीच बाई घेऊन ये, परीक्षकांपुढं पुन्हा कर. उतरला तर उतरला. नाही उतरला तर या भागात नापास, आणि एका भागात नापास म्हणजे सगळ्यातच. यवतमाळच्या मुलींच्या शाळेनं मास्तरणीची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती ती बी. ए. च्या भरवशावर. आणि थोरल्या सहदेवनं वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "माय, तुझं आईकलं. पण एकच डाव. नापास झाली तं घरी. आपल्या घराण्यात विधवेचा पाट लागत नाही, आन् आपल्या बाया गावोगाव शिकत फिरत नाहीत."

"आज मोजू नका," विमल म्हणाली. "जे दिसते ते सांगा. जे आहे ते नाही. जे दिसते ते."

हे शेवटचं वाक्य गोदाबाईच्या डोक्यात टांग्यात बसल्यावरही हलत राहिलं. अंबापेठेतून टांगा निघाला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं आणि रस्त्याची धूळ घोड्याच्या पायाबरोबर उठून तिच्या पदरावर बसत होती. विमल शेजारी ओठ हलवत काहीतरी घोकत होती, तिच्या कपाळावर घामाचा एक थेंब येऊन अडला होता, आणि तो पुसावा म्हणून गोदाबाईचा हात दोनदा मांडीवरून उठला आणि दोनदा परत बसला. जे दिसते ते सांगा. पोरगी बोलून गेली, पण गोदाबाई जन्मभर जर जे दिसतं ते सांगत बसली असती तर घर चाललं असतं? लग्न होऊन हिवरखेडला आली तेव्हा ती एवढीशी होती. पाऊस उघडला की सातपुडा एकदम पुढं सरके, इतका की त्याच्यावरची झाडं मोजावीत. एकदा ती सासऱ्याला म्हणाली, डोंगर जवळ आला, आणि सारा ओटा हसला. नवरा, जानराव, तोही हसला, मग संध्याकाळी गोठ्यापाशी गाठून हळूच म्हणाला, मलेबी तसाच दिसते, पण लोकाइपुढं म्हणत नसतात. तो धडा तिनं पक्का गिरवला. त्यानंतर डोंगर जिथं असेल तिथंच तिनं ठेवला. जानराव जाताना त्याचा चेहरा मेणासारखा दिसत होता, तरी ती त्याला म्हणाली, आज तुमी बरे दिसून राहिले. तो हसला. डोळ्याला काय, त्याला कुठं घर चालवायचं होतं? हात कामाचा, बोट कामाचं. बोट कधी खोटं बोलत नाही.

राजापेठेच्या वळणावर सायकलीच्या दुकानापुढं एकजण पाठमोरा उभा होता. मान किंचित डावीकडं कललेली, धोतराचा सोगा खांद्यावर टाकलेला. उत्तम. गोदाबाईचे डोळे म्हणाले, उत्तम, आणि तिच्या पोटात उजेड पडल्यासारखं झालं, आणि त्याच दमात तिनं आपल्या डोळ्यांना दरडावलं, नाही. टांगा पुढं गेला. माणसानं मान वळवली असती तर कुणा सावकाराचा कारकून निघाला असता. उत्तम गेल्यापासून हे असं होत होतं. अकोल्याच्या कापूसबाजारात, मूर्तिजापूरच्या फलाटावर, एकदा तर कीर्तनात, पुरुषांच्या बाजूला. दिसे आणि नसे. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. देवापुढंही नाही, कारण देवापुढं सांगितलं की ते खरं धरावं लागतं. आणि आता तिच्या शेजारी बसलेली ही पोर, उत्तमची, तिच्याकडं मान वळवून म्हणाली, "काय झालं आत्याबाई? असा हात काहून दाबला?" गोदाबाईनं पाहिलं तर विमलचं मनगट खरंच तिच्या मुठीत होतं. "टांगा हलते मेला," ती म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी हीच विमल अकोल्याच्या स्वयंपाकघरात गुळाच्या ढेपेला गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा कागद चुलीपाशी बसून वाचत होती. उत्तमला जाऊन सहा महिने झाले होते. कागदाला गूळ चिकटला होता, अक्षरं अर्धी गेली होती, तरी ही ओळीवर बोट ठेवून पुढं जात होती, आणि पोळी तव्यावर करपत होती. थोरली सून सुभद्रा ओरडणार तोच गोदाबाईनं पोळी उलटली. त्या करपलेल्या पोळीवरून तिच्या मनात काय आलं ते तिला आजही नीट सांगता आलं नसतं. एवढंच की घरात सगळी माणसं उत्तमबद्दल बोलत होती, आणि ही एकटी होती जी काहीच बोलत नव्हती, आणि गोदाबाईसुद्धा बोलत नव्हती, आणि एका चुलीच्या दोन बाजूंना बसून दोघी एकच न बोललेलं शिजवत होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं सहदेवला सांगितलं, हिले शिकायले धाडतो. घरात आग लागल्यासारखं झालं. ती म्हणाली, लागू द्या. पुढं सुट्टीत विमल आली की रात्रीचं जेवण आवरल्यावर सासूचे पाय चेपताना शिकलेलं सांगे. माणसाला आठवतं कसं, विसरतं का, भीती कुठून येते. एकदा म्हणाली, "आत्याबाई, मन कोणाले दिसत नाही. माणूस आपल्या तोंडानं जे सांगते त्यावरच आमाले चालावं लागते." गोदाबाई म्हणाली होती, "मंग बुडालं तुमचं शास्तर. माणूस कधी तोंडानं खरं सांगते का वं?" विमल पुष्कळ हसली होती, पण पायावरचा तिचा हात जरा वेळ थांबला होता.

कॉलेजच्या व्हरांड्यात पोरी-पोरं आपापली माणसं घेऊन उभी होती. कुणी धाकटा भाऊ आणला होता, कुणी मावशी. गोदाबाईला बसायला बाक दिलं. दगडाचा गारवा तळपायाला बरा वाटला. आत एक नाव पुकारलं जाई, एक जोडी आत जाई, तोंड उतरवून किंवा उजळून बाहेर येई. मुलगी दाखवायला आणल्यासारखंच सगळं, तिच्या मनात आलं. फक्त इथं कोण कुणाला दाखवतं ते कळत नाही. आणि मग, त्या गारव्यात, तिला ती गोष्ट दिसली जी टांग्यात आणि खोलीत ती पाहायचं टाळत आली होती. आत जाऊन तिनं मोजलं तर? पट्टी ओढायची, बोट टेकवायचं, आठ आणि नखभर, बस. कुणी तिला दोष देणार नाही. अडाणी बाई, सवय, म्हणतील. विमल नापास होईल आणि यवतमाळ जाईल वाऱ्यावर. ती घरी येईल. सकाळी उठल्यावर न्हाणीतून तिच्या तांब्याचा आवाज येईल. चुलीच्या त्या बाजूला ती बसेल. पाय चेपेल, पण सांगायला तिच्याकडं काही उरलेलं नसेल, आणि तरी चालेल, गोदाबाईला चालेल, माणूस समोर असलं की पुष्कळ झालं. आणि पास झाली तर यवतमाळ. तिथं तिची खोली, तिची चूल, तिच्या शाळेतल्या पोरी. आणि पुढंमागं एखादा भला माणूसही, पाट म्हणा नाही तर आणखी काही म्हणा, तिथं सहदेवचं घराणं थोडंच पुरणार. मग उत्तमचं असं जगात काय राहिलं? तिला घाम आला. पदरानं तोंड पुसताना तिनं पाहिलं, विमल खांबाला टेकून तिच्याकडंच पाहत होती. भीत होती पोरगी. आणि भीत असून हसली, सासूला धीर यावा म्हणून.

नाव पुकारलं.

परीक्षक ठेंगणे, चष्मा लावलेले, आणि शेजारी तिचे ते प्रोफेसर. त्यांनी गोदाबाईकडं पाहिलं आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. सासू खरी निघाली होती. विमलनं फळी मांडली. तिचा आवाज शाळेतल्यासारखा स्पष्ट निघाला, तिचा वाटेचना. "दोन्ही रेघा सारख्या दिसल्या की थांबायचं. घाई नाही." उजव्या हातानं पट्टी धरली तसा डावा हात आपोआप फळीकडं निघाला. गोदाबाईनं तो मांडीखाली दाबून धरला, अंगाखाली, जसा पोळ्याला अवखळ गोऱ्हा दाव्याला आवळून धरतात तसा. बोटं तिथं तळमळत राहिली. ती पट्टी ओढू लागली. रेघ वाढू लागली. आणि एका जागी आली आणि सारखी झाली. दिसायला सारखी. ती इतकी सारखी होती की तिला बसल्या जागी हसू आलं. पण उजवा हातही काही परका नव्हता, जन्मभर मोजत आला होता, त्याला पट्टीच्या ओझ्यावरून कळत होतं की अजून बोटभर आहे. अजून ओढ, हात म्हणत होता. पुरे, डोळे म्हणत होते. परीक्षक वाट पाहत होते. विमल तिच्याकडं पाहत नव्हती. तसं पाहायचं नसतं म्हणून तिनं नजर खिडकीकडं लावली होती, आणि तिच्या मानेवरची शीर उडत होती. बोटभर. एवढं बोटभर ओढलं की पोर घरी. जानरावचं गोठ्यापाशीचं बोलणं तिला आठवलं. लोकाइपुढं म्हणत नसतात. पण इथं तर लोक तेच ऐकायला बसले होते. साऱ्या जन्मात पहिल्यांदा कुणी तिला तिच्या डोळ्यांचं विचारत होतं, खरं काय ते नाही, भलं काय ते नाही, रीत काय ते नाही, नुसतं, गोदाबाई, तुला कसं दिसतं.

"बस," ती म्हणाली.

विमलनं मोजलं. चांगलीच चूक होती. परीक्षकांनी पट्टी हलवून पुन्हा करायला लावलं, मग उलट बाजूनं, मग पुन्हा. दर खेपेला हात हट्टाला पेटे आणि दर खेपेला गोदाबाई डोळ्यांच्या मागं जाई, आंधळ्यामागं डोळसानं जावं तशी. शेवटी तिच्यानं राहवेना.

"किती चुकलो जी मी?"

परीक्षकांनी चष्मा वर केला. "आजी, चुकलं नाही. असंच दिसतं सगळ्यांना."

"तुमालेबी?"

"मलाही."

"एवढं शिकूनबी?"

"शिकूनही. दोन्ही रेघा सारख्या आहेत हे मला पाठ आहे, तरी ती एक मोठीच दिसते. तिला काही इलाज नाही."

प्रोफेसर हसले. गोदाबाई हसली नाही. ती त्या ठेंगण्या माणसाकडं जरा वेळ पाहत राहिली आणि तिला वाटलं, याचंही कुणी गेलं असावं. मग तिनं मांडीखालून डावा हात काढला. त्याला मुंग्या आल्या होत्या.

बाहेर आल्यावर विमलनं एकदम वाकून भर व्हरांड्यात सासूच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि गोदाबाई म्हणाली, "उठ वं, पोट्टे पाहून राहिले. साडी मळली सारी." उठवताना मात्र तिनं तिच्या कपाळावरचा घाम आपल्या पदराच्या टोकानं पुसला, नीट, कानापर्यंत.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला गाडी बदलून ती एकटी अकोल्याला निघाली. विमलचे अजून पेपर होते. डब्यात खिडकीपाशी जागा मिळाली. काळी रानं उघडी पडली होती, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले, आणि दूर जमीन आभाळाला टेकलेली दिसत होती. टेकलेली दिसते, ती मनात म्हणाली, आणि तिला बरं वाटलं. मूर्तिजापूरच्या फलाटावर एकजण पाणी पीत उभा होता, मान डावीकडं कललेली. तिनं डोळ्यांना दरडावलं नाही. गाडी हलेपर्यंत ती त्याला डोळे भरून पाहत राहिली, उत्तम म्हणूनच, आणि तो कारकून असो की हमाल, त्यानं तिचं काही अडलं नाही. समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, "तुमच्या वळखीचे हायेत का?" "तसे दिसले," गोदाबाई म्हणाली, आणि पहिल्यांदा परक्या माणसापुढं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. त्या बाईनं आपल्या लोट्यातलं पाणी पुढं केलं. पुढं गाडीभर दोघी आपापल्या सुनांबद्दल बोलत राहिल्या, आणि गोदाबाईनं आपलीची एवढी निंदा केली की ती बाई म्हणाली, लय जीव दिसते तुमचा तिच्यावर.

घरी सहदेव ओट्यावरच होता. तिच्या हातातलं गाठोडं त्यानं घेतलं, पण मागं सरला नाही.

"काय झालं माय?"

"चुकलो मी."

आत भांड्यांचा आवाज थांबला. सुभद्रा हातात उलथणं घेऊन दारात आली. या घरात गोदाबाईच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकला नव्हता. सहदेवनं तर आईकडं असं पाहिलं जसं तिला उन्हाचा झटका लागला असावा.

"चुकली?"

"दर खेपेले चुकलो. नागपूरच्या मोठ्या मानसापुढं. मोजून दाखवलं त्यायनं, बोटभर चुकलो."

सहदेवनं गाठोडं ओट्यावर ठेवलं. त्याला आईची दया आली होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि दयेच्या पाठीमागं सुटल्यासारखंही वाटत होतं. "जाऊ दे माय," तो मऊ आवाजात म्हणाला. "तू आपल्या परीनं केलं. आता काय, पेपर झाले की मी जातो आन् विमलले घेऊन येतो घरी."

गोदाबाईनं पायांतल्या वहाणा काढल्या, एक, मग दुसरी, आणि भिंतीशी जोडीनं लावून ठेवल्या.

"नको जाऊ," ती म्हणाली. "आता नाही येत विमल. आता यवतमाळले आपल्यालेच जा लागते, पाहुणे म्हणून."

आणि सुभद्रेच्या अंगावरून, ताठ मानेनं, ती आत गेली.